गंधालीचा टाय

रायपूर

कौमुदीताई,

तुमच्या ओळखीनं आमच्या गंधालीला नवा रायपूरच्या खासगी शाळेत पहिलीला जागा मिळाली. आभार मानायला बसले, पण हे पत्र टपालात पडायचं नाही.

मी सरकारी शाळेत शिकवते हे कळल्यावर तिथल्या प्राचार्या हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला काही समजावायलाच नको."

काल आमच्या सरकारी शाळेसाठी पाऱ्यात, म्हणजे शेजारच्या वस्तीत, दारोदार पोरं मागत फिरले. एका आईनं विचारलं, "बहनजी, आपकी बच्ची कहाँ पढ़ेगी?"

"यहीं, मेरी क्लास में."

तिनं लगेच मुलीचं नाव दिलं.

तुमचे भाऊ म्हणतात, "काहून बोलली तू असं? उद्या तिथं प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस आहे." गंधाली नवा टाय गळ्यातून काढत नाही.

सोमवारी आमची शाळा उघडेल. ती बाई आधी माझ्या हाताला धरून कोण आलंय ते पाहील.

तुमची वहिनी,
अनुश्री