चमच्याऐवजी बेल

३ फेब्रुवारी
मधुकरचं खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. काही हवं असलं की पलंगाच्या दांडीवर चमचा बडवतो. कुडाळच्या माणसाला मॅनर्स कोण शिकवणार? वर चमचा ऐकून सूनबाई आधी पोचते. त्याच्याशी संसार केला मी. आजपासून चमचा माझ्या कपाटात. बेल मी स्वतः बनवणार: स्विच त्याच्या उशाशी, बझर माझ्या खोलीत.

५ फेब्रुवारी
बेलसाठी मागवलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला. प्रोग्राम लिहून त्याच्या प्रत्येक पिनला सांगायचं, इनपुट की आउटपुट. स्विचमधून निरोप बाहेर जातो, म्हणजे आउटपुट. साधं इंग्लिश. सूनबाई श्रुतिका म्हणाली, आई, बोर्डाच्या बाजूने बघा ना, त्याच्यासाठी निरोप आत येतो. इंजिनिअर आहे, पण माझ्यासारखी कॉन्व्हेंटची नाही.

संध्याकाळी
लावल्याबरोबर बझर रडायला लागला, थांबेचना. शेजारची प्रेमा विचारून गेली, काय गं, कुणाची गाडी रिव्हर्स घेतेस? बझर डिफेक्टिव्ह.

६ फेब्रुवारी
नवा बझरही रडका. स्विचची पिन इनपुट केली. श्रुतिका म्हणाली म्हणून नव्हे, मला सुचतच होतं. शांतता.
मग बेल वाजली. धावले. मधुकर म्हणाला, मी नाय गो दाबलंय. दिवसभर हेच.

७ फेब्रुवारी
वायरीजवळ माझा हात गेला की वाजते. बोर्ड मला ओळखतो. शाळेतली पितळी घंटासुद्धा माझ्या हातून गोड वाजायची, सिस्टर ल्युसिया म्हणायच्या. किती मायेच्या होत्या.
श्रुतिकाचं आपलं वेगळंच. स्विच दाबलेला नसताना पिन लोंबकळते, हवेतलं काहीही ऐकते, म्हणून इनपुट-पुलअप करा, म्हणजे स्विच दाबेपर्यंत ती गप्प राहील. लोंबकळते म्हणे. मला कारण ठाऊक आहे. मधुकरच दाबतो आणि नाकबूल करतो. पहिल्यापासून लाजाळू.

९ फेब्रुवारी
दुपारी वाजली. गेले नाही. फार लाडावलाय.
नेमकी तेव्हा त्याने खरंच दाबली होती. वाट बघून एकटाच बाथरूमला उठला. तोल गेला. श्रुतिकाने धरला म्हणून वाचला.
बेल बरोबर वाजली होती, एवढं नोंदवून ठेवते.
मधुकरला सोडून उठवेना, म्हणून प्रोग्राममधला तो पुलअपचा एक शब्द श्रुतिकाला बदलू दिला.

१० फेब्रुवारी
सकाळपासून बेल गप्प. दोनदा जाऊन स्विच तपासला.
चारला वाजली. पदर खोचून पळाले. श्रुतिका तिथे आधीच, शिऱ्याची वाटी घेऊन. मधुकर मला म्हणाला, तुझ्या कपाटातला तो माझा चमचा दे.