कोट सरळ, मास्तर वाकडा

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (हा उभ्यानेच घातलेला समजावा. आडवं व्हायला मला आता जमतं, पण उठताना कुणाला तरी हात द्यावा लागतो, आणि आमची ही आत्ता बाजारात गेली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? अक्का गोळ्या वेळेवर घेते ना? गेली सहा वर्षं आपण दोघं अक्काच्या मार्फतच बोलतो, तेव्हा माझी चौकशी तुमच्यापर्यंत पोचतच असेल. पण आज सरळ तुम्हालाच विचारावंसं वाटलं. पत्र खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, उभ्याने लिहितो आहे. मला एका वेळी वीस मिनिटं बसायची परवानगी आहे आणि ती मी चहात घालवली.

झालं असं, की तीन महिन्यांपूर्वी बँडवाल्यांच्या अठरा कोटांचं कापड दुकानात आलं. जाड, लाल, लोकरी कापड. त्याचा तागा टेबलाखालून ओढायला मी वाकलो आणि कमरेत काहीतरी असं सटकलं की मी वाकलेलाच राहिलो. (समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला वाटलं, मी त्याच्या पँटच्या बॉटमचं माप घेतो आहे. भला माणूस, पाच मिनिटं पाय न हलवता उभा राहिला.) मग डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जी कळ गेली, ती सांगून कळायची नाही. लोकांनी मात्र न सांगता ओळखली. ज्याला ज्याला म्हणून कंबर आहे, तो प्रत्येक माणूस कमरेचा डॉक्टर असतो हे मला त्या आठवड्यात समजलं. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला शेक घे, वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या बर्फ लावा, एकाने जमिनीवर झोपायला सांगितलं. मी कुणाचंच मन मोडलं नाही. एकाच दिवसात तिन्ही उपाय केले आणि जमिनीवरून मला तिघांनी मिळून उचललं.

शहाणपण सुचलं ते फक्त आमच्या हिला. पलंग फार खाली, त्यावरून उठताना मी ओरडायचो, म्हणून तिने कुठून तरी चार लाकडी ठोकळे आणले आणि पलंगाच्या पायांखाली दिले. त्या दिवसापासून मी माणसासारखा उठायला लागलो. तिचे उपकार विसरणार नाही. (ठोकळ्यांना वर खोबण आहे, पण पलंगाचे पाय त्यात बसतात सैल, त्यामुळे कूस बदलली की पलंग डुगडुगतो. तुम्ही जन्मभर सुतारकाम केलंत म्हणून सांगतो, ज्या कुणी ते केले असतील त्याला मापाचं अंग नाही.)

आता माझा मूर्खपणा सांगतो. आठ दिवसांनी आरशात पाहिलं तर मी उजवीकडे कललेला. दुखणाऱ्या पायावर भार नको म्हणून शरीर आपोआप तसं कलतं म्हणे. पण दाजी, तीस वर्षं मी लोकांचे पडके खांदे कोटात लपवले, मग स्वतःचा का लपवू नये? उजव्या खांद्यात दुहेरी पॅड घातला, कॉलर सरकवली, पँटचा एक पाय बोटभर आखूड केला आणि तो पोशाख चढवून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्यासमोर गर्दी होती. त्यांनी मला उभ्याउभ्याच पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ठेवण सरळ. मला इतका आनंद झाला की मी आभार मानून निघणार होतो. हिने दंड धरून परत वळवलं.

मग मात्र डॉक्टरांनी नीट तपासलं. पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, अंगठा दाबून ताकद पाहिली आणि विचारलं की लघवीवर ताबा आहे ना. मला राग आला. हिने माझ्या वतीने शांतपणे ‘आहे’ म्हणून सांगितलं. नंतर कळलं की तो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो ताबा सुटला किंवा पायातली ताकद जायला लागली, तर त्याच तासाला धावत यायचं. नाहीतर धीर धरायचा. मग त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. रिपोर्ट मी घरी वाचला, म्हणजे वाचता आला तेवढा वाचला, आणि वडिलांची कात्री कुणाला द्यायची याचा विचार करायला लागलो. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाच्या निम्म्या लोकांचे फोटो असेच येतात, केस पिकतात तसे मणकेही पिकतात. दोन मणक्यांमध्ये पॅड असतात, त्यातला एक फुगून पायाच्या नसेवर दाबतो आहे. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत निवळतं. पॅड म्हटल्याबरोबर मला सगळं समजलं. असं समजावणारा माणूस भेटायलाही नशीब लागतं.

त्यांनी व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं. या बाईंनी आधी कोट आणि शर्ट उतरवायला लावला. मागून पाहिलं. पुन्हा कोट घालायला लावला, पुन्हा काढायला लावला. मग शेजारच्या खोलीतून आणखी दोघींना बोलावलं आणि तिघी मिळून हसल्या. हा कोट कुणी शिवला असं विचारल्यावर मी नाव सांगितलं, आणि खरं सांगतो, त्या दुखण्यातही छाती फुगली. बाई म्हणाल्या, “मास्तर, हा कोट आजपासून बंद.” मी मान डोलावली आणि घरी येताना तोच घालून आलो.

पोटावर झोपून कोपरांवर उठायचं, भिंतीला टेकून कंबर सरकवायची, रोज तीनदा दहा मिनिटं चालायचं. तीन आठवडे नेमाने केलं. आणि एका सकाळी आरशात पाहतो तर उजवा खांदा कानाला भिडलेला आणि पँटचा एक पाय घोट्याच्या वर. उजवीकडचा वाकडा आता डावीकडे गेला, व्यायामाने माझी वाट लावली, असं मी धरून चाललो. कुणाला काही बोललो नाही. आठ दिवस पलंगावर पडून राहिलो. हात शाबूत, डोळे शाबूत, आणि टेबलापाशी उभं राहता येत नाही, असा मास्तर काय कामाचा? मला भीती वाटत होती, दाजी. कात्री फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. त्या दिवशी जेवलोही नाही.

आठव्या दिवशी बाईंचाच फोन आला. गेलो. त्यांनी कोट उतरवला आणि मला आरशासमोर उभं केलं. मी ओळंब्यासारखा सरळ. “तुम्ही केव्हाच सरळ झालात, वाकडा कोट आहे,” म्हणाल्या. मी तिथेच रडलो. त्यांनी डोळे पुसायला रुमाल दिला, आणि आठ दिवस फुकट पडून राहिल्याबद्दल झापलंही.

पुढच्या आठवड्यात त्या दुकानात आल्या. काम करताना उभे कसे राहता ते दाखवा म्हणाल्या. मी टेबलापाशी उभा राहिलो. त्यांनी माझाच टेप घेऊन जमिनीपासून मोजलं आणि सांगितलं, टेबल चार इंच खाली आहे, तीस वर्षं तुम्ही त्यावर ओणवे आहात, कंबर बिचारी आणखी काय करणार?

दाजी, सहा वर्षांपूर्वी तुम्ही हेच, त्याच जागी उभं राहून सांगितलं होतंत. मी म्हणालो, लाकडातलं तुम्हाला कळतं, कापडातलं मला, या टेबलावर माझ्या वडिलांनी जन्मभर कापलं. तुम्ही म्हणालात, वडील बुटके होते. मी वडिलांचा अपमान झाला म्हणून त्या रात्री ताटावरून उठलो आणि तेव्हापासून तुमच्याशी बोललो नाही. काल मापांची जुनी वही काढली. वडिलांच्या शेवटच्या शर्टाचं माप माझ्याच अक्षरात आहे. शेजारी माझं माप लिहून पाहिलं. मी त्यांच्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. तुम्ही नुसतं माप सांगितलं होतंत. चुकलो.

डॉक्टरांचे, बाईंचे, हिचे, पाय न हलवणाऱ्या त्या गिऱ्हाइकाचेही आभार मानून झाले. तुमचे राहिले होते, ते या पत्राने मानतो. अक्काला नमस्कार.

तुमचा, आता बराचसा सरळ झालेला,
मेहुणा

ता. क. टेबल वाढेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं आहे, आणि बँडवाले रोज दारात येऊन उभे राहतात. नवं टेबल मला नको, वडिलांची फळी तशीच राहू दे. नुसते पाय चार इंच वाढवायचे आहेत. दुसऱ्या सुताराला मी ते टेबल शिवू देणार नाही. तुम्ही याल का?

ता. क. दुसरा. ही बाजारातून आली. पत्र वाचून दाखवलं. ठोकळ्यांपाशी आली तशी हसत सुटली, आणि मग डोळ्यांना पदर लावला. आपलं भांडण झालं त्याच महिन्यात तुम्ही ते अक्काच्या हाती पाठवले होतेत म्हणे. मी फेकून देईन या भीतीने हिने सहा वर्षं माळ्यावर लपवून ठेवले. मी टेप घेऊन आधी खोबणी मोजल्या, मग टेबलाचे पाय मोजले. एका सुताचाही फरक नाही, आणि ठोकळ्यांची उंची बरोबर चार इंच. तीन महिने मी तुमच्याच ठोकळ्यांवर झोपलो आहे.

तेव्हा लाकूड आणू नका, नुसते या. टेबल उचलायला मला मनाई आहे, ते तुम्हालाच उचलावं लागेल. फक्त ठोकळे टेबलाखाली गेले की पलंग पुन्हा खाली येणार. म्हणून येताना आणखी चार करून आणा. पलंगाच्या पायांचं माप मागे लिहिलं आहे. या वेळी सैल होऊ देऊ नका.