पाच नंबरच्या गेटचा खरा शेवट

पिट्सबर्ग, ऑक्टोबरची अखेर

प्रिय वेंडेल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. टेसला तू पाठवलेलं कार्ड तिनं मला दाखवलं. "तो सिनेमा माझा नाही." बस, खाली सहीसुद्धा नाही. त्या पोरीनं तू दिग्दर्शित केलेलं, मी कापून जोडलेलं आपलं 'पाच नंबरचं गेट' कुणा संग्राहकाच्या तळघरातून उकरून काढलं, कॉलेजची नोकरी सांभाळून त्याची डागडुजी केली, तुला मानानं बोलावलं, आणि तू तिच्या तोंडावर दार आपटलंस. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. तुझ्या बाबतीत नाही.

सिनेमा जिथं चित्रित केला त्या यंग्सटाउनलाच दाखवला, युनियनच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. मला वाटलं, सत्तरच्या दशकातले विसरलेले सिनेमे कोळून प्यायलेली दाढीवाली मुलं येतील. तशी चार-दोन होती. बाकी हॉल भरला तो गावच्या माणसांनी. मागच्या टेबलावर बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगींचे ट्रे आणि कॉफी. पोलादाचा कारखाना पाडून टाकला त्याला जमाना झाला, आता तिथं नुसतं गवत. आणि पडद्यावर तीच धुरांडी पेटलेली. लोक गप्प बसतील तर शपथ! "अगं, ती बघ रोझी आत्या, केस बघ तिचे!" "थांबवा हो, तो डबा उघडून जेवतोय ना, तो माझा बाप!" टेस बिचारी पुन्हा पुन्हा सिनेमा थांबवत होती. मी चडफडत होते. लाँड्रीच्या वरच्या त्या कोंदट खोलीत महिनोन्महिने आपण तुकड्याला तुकडा जोडला, तो काय यांच्या आत्या शोधायला?

मग शेवट आला. स्टुडिओनं चिकटवलेला. संपावरचा भाऊ आणि फुटलेला भाऊ गेटसमोर एकमेकांच्या गळ्यात पडतात, नायक फक्त पाठमोरा दिसतो, व्हायोलिनं वाजतात. पहिल्या रांगेतून व्हेरोनिका हुडाक उठली. कारखान्यातून उचलून तू ज्याला नायक केलंस, त्या स्टीव्हची बायको. तो जाऊन बरीच वर्षं झाली. पडद्याकडे बोट करून म्हणाली, "ती पाठ माझ्या नवऱ्याची नव्हे. तो कुणाच्या गळ्यात पडला नव्हता. गाडी चालू ठेवून गेटबाहेर बसून राहिला, आत गेलाच नाही. शूटिंग चालू असताना मागच्या सीटपाशी खाली थर्मास घेऊन मी लपले होते, थंडीनं काकडत. मला ठाऊक नाही होय?" मग माझ्याकडे वळली. "बाई, कात्री तुमच्या हातात होती ना? माझा माणूस कुठं टाकलात?"

तू मला सांगितलं होतंस तेच सांगितलं, की स्टुडिओनं तो शेवट जाळला. म्हणून तर तू सिनेमाच्या श्रेयनामांच्या पाटीवरून आपलं नाव काढून घेतलंस. कुठल्याशा मारधाडीच्या सिनेमाच्या शेपटीला बांधून गाडीत बसून बघायच्या ड्राइव्ह-इनमध्ये तो आठवडाभर कसाबसा चालला, आणि तू न्यू मेक्सिकोला शेळ्या पाळायला निघून गेलास. येतेस का, म्हणून मला विचारलंही नाहीस. असो. व्हेरोनिका म्हणाली, "जाळायचंच होतं, तर आमच्या दाराशी आला होतात कशाला?" आणि कोट चढवून निघून गेली. दिवसभर मी स्टुडिओला शिव्या देत होते.

परवा तुझ्या जोनीचा फोन आला. "नॅडीन मावशी, बाबांच्या कोठारात व्हिनेगरचा उग्र वास सुटलाय, शेळ्या आत पाऊल टाकत नाहीत. गवताच्या मागे पत्र्याचे डबे आहेत. अक्षर तुमचं वाटतंय." मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं: "शेवट. स्टीव्ह, गाडीत." वेंडेल, जाळलं नव्हतं कुणी काही. तू घेऊन पळालास. तुझ्यावर अन्याय झाला म्हणून मी आयुष्यभर लोकांशी भांडले, आणि तू आपला रुसवा जपायला स्टीव्हला शेळ्यांत कोंडून ठेवलंस! फिल्मला तो वास सुटला म्हणजे ती सडतेय, हे तुला सांगायला नको. मंगळवारी मी आणि टेस व्हॅन घेऊन निघतोय, फिल्म थंड ठेवायला बर्फाच्या पेट्या सोबत आहेत. तुझी बाजू ऐकायला येत नाही, जेवायलाही थांबणार नाही. कोठाराला कुलूप घालू नकोस. घातलंस, तर टेसकडे कटर आहे आणि ती माझ्याइतकी भिडस्त नाही. डबे उचलणार आणि थेट व्हेरोनिकाच्या गावी नेणार. तुला यायचं असेल तर मागच्या सीटवर जागा आहे.

तुझीच (सवयीनं लिहून गेले, राहू दे),
नॅडीन