धवल्यातली नावाची जागा

६ नोव्हें.
मस्कतहून पल्लवीचा फोन. बहिणीची पोर, लग्न तिकडेच, पुढच्या महिन्यात. "मावशी, तुझ्या धवल्याशिवाय लग्न लागलं असं वाटणारच नाही गं. रेकॉर्ड करून पाठव ना." हो म्हणून बसले. एवढ्या मांडवांत धवलारीण म्हणून ही लग्न लावायची गाणी गायले, एक फोनात गायला काय जातंय!
मोबाईलवर गाऊन पाहिलं. विहिरीत पडलेली बाई हाका मारतेय असा आवाज. वर मागच्या गल्लीतल्या लूमची, यंत्रमागांची, खडखड. हे म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यांना चहा उशिरा दिला.

७ नोव्हें.
धाकटे दीर संदीपभाऊजी हळदीला डीजे लावतात, त्यांना विचारलं. एक माइक देऊन गेले. लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर टाकली. पहिल्यात बटणंच बटणं, आणि गायच्या आधीच टक् टक् ताल सुरू. धवल्याला कसली टकटक? हेल लागेल तिथवर ओढायचा असतो. काढून टाकलं. दुसरं साधं. लाल बटण दाबा, गा.
सेटिंगचं भाऊजी म्हणाले, "वहिनी, २४ बिट, ४८ ठेव आणि डोळे मिटून गा. फक्त आवाजाचा काटा लालमध्ये जाऊ देऊ नको." माझा काटा पहिल्याच ओळीला लाल. मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जायची सवय!

९ नोव्हें.
गोधडी डोक्यावर घेऊन गायले. घामाघूम. तरी लूम आलेच. खरखर घालवायचं बटण दाबलं, तर लूमबरोबर माझ्या हेलाचं शेपूटही गेलं. सूर सरळ करायचं बटण दाबलं, तर साबणाच्या जाहिरातीतली बाई. दोन्ही बंद!
तेवढ्यात आई (सा.बा.) आतून ओरडल्या. धवले मला त्यांनीच शिकवले, आता गुडघ्यांमुळे लग्नाला जात नाहीत. "लगीन न्हाय, नवरी न्हाय, न धवला कुनाला लावतेस गो? रिकाम्या घरान लगीन लावू नये!"
आईंपुढे कोण बोलणार. लॅपटॉप मिटला.

११ नोव्हें.
प. चा मेसेज, झालं का?
जेवताना आईच म्हणाल्या, "तुलशीचं लगीन हाय ना आता. त्यान गा." तोंडात साखर पडो त्यांच्या! सगळे बुधवारी लावतात, फटाक्यांत काही ऐकू येणार नाही. आपण पौर्णिमेला लावू. शुक्रवार आहे, लूमही सुट्टीला बंद.

१५, शुक्र.
झालं!! माइक तुळशीवरच्या उसाला बांधला. यांनी अंतरपाट धरला, हात दुखले म्हणून कुरकुर. गल्ली इतकी शांत की आपल्याच घराला बिचकले. दुसऱ्या ओळीला आई मागून गायला लागल्या. न सांगता. आवाज कापरा, दम पुरत नव्हता, पण सूर तिथेच. डोळे भरून आले, तरी हेल सोडला नाही.

१६ नोव्हें.
घोळ. धवल्यात नवरानवरीची नावं असतात, आणि मी अर्थात तुळशीची न् कृष्णाची गायले. प. ला पाठवायची कशी? तिची आणि ओंकारची नावं वेगळ्या ट्रॅकवर गायले, जुनी कापून तिथे बसवली. सांधा कळत नाही. आईंचा श्वास मध्येच ऐकू येतो. तो ठेवला.
मूळची WAV फाइल भलतीच मोठी होते. MP3 केली, ३२० वर, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवली. प. रडली, हसली, परत रडली.
भाऊजींनी हेडफोनवर ऐकलं. "वहिनी, कसली क्लिअर आलीय गं! नावाची जागा मोकळी ठेवून मला WAV दे. नावं भरली की कुठलंही लग्न!"
हसले मी.

१७ नोव्हें.
काल हसले, आज हसू येत नाही. मला न्यायला रिक्षा येते, "धवलारीण आली" म्हणून बायका जागा करतात, ओटी भरतात. स्पीकरमधून धवला आला की मला कोण बोलावणार? स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा, तोही २४ बिटचा.
भाऊजींना नाही म्हणून सांगितलं. तोंड पाडून गेले.
आईंना म्हटलं, बरोबर केलं ना? "मना काय इचारतेस. मी आता कुठं जातंय? पन त्या डब्यान माझा आवाज हाय, त्यो ऐकून बरा वाटला." एवढंच बोलून वाटाणे सोलायला लागल्या.

१९ नोव्हें.
भाऊजींचा फोन. दापोड्याला लग्न, त्याच मुहूर्ताला माझं कामतघरचं ठरलेलं. दापोड्याच्या धवलारणीचा घसा बसलाय, दुसरी मिळत नाही. "तुझं जाणार न्हाय काही वहिनी, तू तिकडे असशीलच. ही पोर मात्र धवल्याबिगर उभी राहील."
एकदा दिली की दिली, ती फाइल परत येत नसते. आणि धवल्याबिगर नवरी! ते मला बघवणार नाही.
आई ऐकत होत्या. यांना विचारलं तर म्हणे तुझा गळा, तू बघ.
लॅपटॉप उघडलाय. ४८, २४ बिट. भाऊजींना नवरीचं नाव तेवढं विचारलं. नुसतं विचारलंय.