करडा मला मान्य नाही

२ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प कालच करायचा होता, पण काल पोट बिघडलं होतं. आज धरला तरी चालतं. संकल्प असा: घरातल्या कुठल्याही गोष्टीची काळजी करायची नाही.

दुपारी काळजी सुरू झाली.

नात गायत्री घरी बसून लॅपटॉपवर साड्यांची डिझाइनं काढते. साडी मार्केटातल्या एका शेठने तिला ट्रायलवर ठेवलंय. दोन सॅम्पल छापून आली आणि दोन्ही नापास. स्क्रीनवर लालबुंद डाळिंबी, कापडावर विटकरी. तिसरं सॅम्पल या महिन्यात जायचं. पास झालं तर नोकरी पक्की. नाहीतर योगेंद्र, म्हणजे तिचा बाप, म्हणतो बी.एड.चा फॉर्म भर. गायत्री शाळेत शिकवणार! तिला घरातलं मांजर ऐकत नाही.

रंगाचा प्रश्न म्हटल्यावर या घरात माझ्याशिवाय आहे कोण? सगळी हयात मिलच्या रंगात गेली. मी एवढं बोललो तोच उषा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही घडीखातामा व्हतात." आता बायकोला काय सांगायचं. कापडाच्या घड्या घालायचं घडीखातं आणि रंगखातं यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला खिडकी होती.

३ जानेवारी
गायत्रीला सांगितलं, स्क्रीन मी नीट करून देतो. आधी घाबरून नको म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, थांबा आबा, तुम्हाला तुमचं वेगळं खातं काढून देते. लॅपटॉप उघडला की आता दोन नावं दिसतात. एक तिचं, एक माझं. माझ्या नावावर झेंडूचं फूल. तिच्या खात्याला पासवर्ड आहे, माझ्याला नाही. यावरून विश्वास कोणावर जास्त ते कळतं.

सातवी नापास माणसाचं नाव लॅपटॉपवर! गल्लीत चारपाच जणांना सहज बोलता बोलता सांगितलं.

५ जानेवारी, सकाळी
मोबाईलवर एक हिंदी व्हिडिओ पाहिला. प्रत्येक स्क्रीन थोडं खोटं बोलते म्हणे. तिला आपण खरं बोलायला शिकवायचं, आणि जे शिकवलं ते साठवून ठेवायचं. त्याला कस्टम कलर प्रोफाइल म्हणतात. पोरगा फार भरभर बोलत होता. पण कठीण काही नाही. मी यापेक्षा कठीण माणसं सरळ केलीत.

दुपारी
पहिली पायरी. स्क्रीनवर गोल येतात, प्रत्येक गोलाच्या मधोमध ठिपका. बाजूची दांडी वरखाली करून ठिपका दिसेनासा करायचा. तासभर दांडी ओढली. ठिपका हटेना. शेवटी घाम पुसायला चष्मा काढला आणि ठिपका गेला! एकदम साफ. लगेच पुढचं बटण दाबलं. लोक उगाच इंजिनिअरिंग शिकतात.

६ जानेवारी
दुसरी पायरी. स्क्रीनवर पाचसहा पट्ट्या येतात, सगळ्या करड्या. खाली तीन दांड्या, लाल, हिरवी, निळी. व्हिडिओवाला म्हणतो, पट्ट्या पूर्ण करड्या दिसेपर्यंत दांड्या हलवा. दुसऱ्या कुठल्याही रंगाची झाक नको.

हा काय वेडेपणा? पोरगी लग्नसराईच्या साड्या काढते आणि मशीन म्हणतं करडं कर. करड्या रंगाची साडी आमच्याकडे सवतीलासुद्धा कोणी नेसवणार नाही. करडा मला मान्य नाही. तिन्ही दांड्यांत थोडी थोडी माझ्या अंदाजाने भर घातली, लाल जरा सढळ हाताने. पट्ट्यांवर कसा जीव आला! गालावर लाली यावी तशी.

साठवताना नाव विचारलं. "सुकलाल" टाकलं. प्रोफाइल नंबर एक तयार. रात्री आनंदाने दोन भाकरी जास्त झाल्या.

७ जानेवारी
भाकरींमुळे झोप नाही. लाल जास्त झाला का, ही काळजी. पहाटे उठून थोडा काढला. मग वाटलं फार काढला. परत घातला. "सुकलाल फायनल" या नावाने साठवलं.

८ जानेवारी
पक्की परीक्षा ठरवली. स्क्रीनवर भाजीचे फोटो लावायचे आणि खरी भाजी शेजारी धरायची. टोमॅटो, हळद, कोथिंबीर घेऊन बसलो. स्क्रीनवरचा टोमॅटो खऱ्यापेक्षा जास्त लाल निघाला. म्हणजे खऱ्या टोमॅटोतच दोष. हल्ली औषधं मारून पिकवतात.

कोथिंबीर मात्र तपकिरी दिसायला लागली. उषाने मागून पाहिलं, म्हणाली, "हाई कोथमीर शे का तमाखू?" मग माझ्या हातातली खरी जुडी ओढून वरणात घालायला घेऊन गेली. परीक्षा अर्धवट. हळद किबोर्डात सांडली. फुंकून काढली. एक बटण अजून पिवळं आहे, पण ते फारसं लागणारं नाही.

१० जानेवारी
दुसऱ्याचंही मत घ्यावं म्हणून शेजारच्या पांडुरंगला बोलावलं. मूळचा पारोळ्याचा, लूमच्या खडखडाटात कान घालवलेला. त्याला उषाची मोरपिशी साडी दाखवली, विचारलं हा कोणता रंग? म्हणाला निळा. आमसुली दाखवली. निळा. स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, "सुकलालभाऊ, होळी लवकर आली का यंदा?"

त्याच्या हिशोबी जगात चारच रंग आहेत, आणि त्यातला एक निळा. त्याला चहा दिला नाही. मग पुढचा अर्धा तास मोरपिशी म्हणजेच गुजरात्यांचा रामा, की रामा थोडा हिरवा, यावर वाद. तो मध्येच म्हणाला, "तू तर घडी घालायचा ना मिलमध्ये?" खिडकीचं सांगितलं. ऐकू आलं नाही त्याला. की आलं?

१४ जानेवारी
उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत. आमचं सगळं लिंबायत गच्चीवर. मला कल्पना सुचली. पतंगांइतके शुद्ध रंग कुठे मिळणार? लॅपटॉप घेऊन वर गेलो. उन्हात स्क्रीन काळीठिक्कर. उजेडाची दांडी शेवटपर्यंत ओढली, रंगांच्या दांड्याही ओढल्या, तेव्हा कुठे थोडं दिसायला लागलं. एका हाताने उंधियू, एका हाताने दांडी. कोणाचा तरी पतंग कापला, "काप्यो छे!" म्हणून शेजारची पोरं ओरडली आणि बोट घसरलं. निळी दांडी कुठे गेली कळलं नाही. स्क्रीनवर तेलाचं बोट उमटलं.

पण मजा काय आली म्हणून सांगू! डोक्यावर हजार पतंग, मांडीवर माझं प्रोफाइल. वय विसरलो.

संध्याकाळी
खाली अंधाऱ्या खोलीत लॅपटॉप उघडला तर भिंतीवर माझी सावली पडली. उषा म्हणाली, हेडलाइट बंद करा, डोया फुटी जातीन. तिला प्रगती सोसत नाही. "सुकलाल फायनल ५" म्हणून साठवलं.

१८ जानेवारी
आज मोठी गोष्ट. गायत्रीने प्रिंटिंगवाल्याकडून उंदरासारखं एक काळं यंत्र मागून आणलं. वायरने लॅपटॉपला जोडलं आणि स्क्रीनवर पोटावर झोपवलं. स्क्रीन आपोआप लाल, हिरवी, निळी होत राहिली. मी विचारलं, ताप मोजतंय का? हसून म्हणाली, आबा, रंग मोजतंय. दहा मिनिटांत टिंग वाजलं आणि ती म्हणाली, बस, थई गयुं.

झालं म्हणजे काय? पास! दोन आठवड्यांची माझी मेहनत यंत्राने तपासली आणि एक शब्दही तक्रार केली नाही. मी तिला म्हणालो, आता तरी पटलं ना? ती म्हणाली, हो आबा, आणि माझ्या शर्टाचं वर-खाली लागलेलं बटण नीट लावून दिलं.

२० जानेवारी
गायत्रीने नवीन डिझाइनचा फोटो माझ्या खात्यात टाकून दिला, बघायला. डाळिंबी अंगावर पोपट. माझ्या स्क्रीनवर पोपट जरासा पिकल्यासारखा दिसतो. तिला सांगितलं, थोडा कच्चा कर. बरं म्हणाली. हल्ली माझं फार ऐकते.

२३ जानेवारी
सॅम्पल छापायला गेलं. बी.पी. वाढल्यासारखं वाटतं. नापास झालं तर? चूक यंत्राची धरायची. यंत्र शेवटी लागलं होतं.

२६ जानेवारी
पास!! पास!! शेठ धनसुखभाईंचा गायत्रीला फोन. रंग जसा स्क्रीनवर तसाच कापडावर, एक धागा इकडे नाही की तिकडे नाही. गायत्री पलंगावर उड्या मारत होती. योगेंद्र कामावरून इच्छापोरहून आला तो बूट न काढता नाचला. बी.एड.चा फॉर्म उषाने खमणाखाली पसरला.

मी गायत्रीच्या हातातून फोन घेतला. शेठला स्वच्छ सांगितलं, स्क्रीनचा रंग माझा. मिलमध्ये आयुष्य गेलं. शेठ सभ्य माणूस. म्हणाले, "अरे वाह दादा! तो ऑफिस आवो, अमारी स्क्रीन पण जोई आपो." म्हणजे त्यांच्या स्क्रीनही मीच बघून द्यायच्या. गायत्री हातवारे करून काहीतरी सांगत होती. आनंदाने वेडी झाली पोर.

गल्लीत खमण वाटलं. प्रत्येक घरी विचारलं, कशाबद्दल? प्रत्येक घरी सांगितलं. पांडुरंगलाही दिलं, दोनदा.

२८ जानेवारी
पांढरा शर्ट इस्त्री. ऑफिसात बारा स्क्रीन आहेत म्हणे. रोज दोन केल्या तर आठवडाभराचं काम. बाराही एकदम नको. आपली किंमत राहत नाही.

गायत्री दोनदा म्हणाली, आबा, शेठ सहज बोलले असतील. मी म्हणालो, मोठी माणसं सहज बोलत नसतात.

२९ जानेवारी
रिंगरोडच्या मार्केटात तिसऱ्या मजल्यावर शेठचं ऑफिस. गायत्री सोबत. सगळे उभे राहिले. चहा. टेबलावर पास झालेल्या साडीचं कापड अंथरलेलं. पोपट हिरवागार. माझ्या पोपटासारखा नव्हता, पण ऑफिसात ट्यूबलाइट फार होत्या.

चंचल नावाच्या मुलीची स्क्रीन मला दिली. सगळे भोवती जमले. चष्मा काढला. ठिपका गेला. मग पट्ट्या, मग दांड्या, सगळं हातचं. लाल सढळ. साठवलं. चष्मा घातला.

चंचल हळूच म्हणाली, "दादा, आने तो कमळो थई गयो." म्हणजे कावीळ. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

शेठ हसले नाहीत. ते गायत्रीकडे वळले. म्हणाले, तुझ्या लॅपटॉपचे रंगही यांनीच असे केलेत? मग सॅम्पल जुळलं ते नशिबाने? आज तीन हजार मीटर छापायला लागणार आहे. त्यांनी फोन काढला, छपाई थांबवायला.

गायत्री माझ्याकडे बघत होती. मग जमिनीकडे. पोर बोलत का नाही? फोन शेठच्या कानाला, पलीकडे रिंग वाजतेय, आणि ही गप्प. मीच ओरडलो, अगं दाखव ना त्यांना लॅपटॉप! घाबरतेस कशाला? मी आहे ना!

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. दोन नावं आली. मी म्हटलं, झेंडू दाब. तिने झेंडू दाबला नाही. स्वतःचं नाव दाबलं, पासवर्ड टाकला.

आत सगळं वेगळंच होतं. डाळिंबी अगदी डाळिंबी. पोपट टेबलावरच्या पोपटासारखा, हिरवागार. शेठने कापड स्क्रीनला लावून पाहिलं. त्या काळ्या उंदराने याच खात्यातली स्क्रीन मोजली होती, असं ती त्यांना सांगत होती. शेठने फोनमध्ये सांगितलं, छपाई चालू ठेव.

मी विचारलं, मग माझा रंग? ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमचा तुमच्याजवळच आहे, आबा. माझ्या खात्यात तो येतच नाही."

शेठने मला आणखी एक चहा पाजला. नोकरी पक्की. चंचलने तिची स्क्रीन दोन बटणांत पूर्वीसारखी केली. दोनच बटणांत.

रिक्षात गायत्री माझा हात धरून बसली होती. मी म्हणालो, उधना दरवाजाला ट्रॅफिक फार. ती म्हणाली, हो आबा, फार.

३० जानेवारी
काही नाही.

३१ जानेवारी
पांडुरंगने विचारलं, बाराही स्क्रीन झाल्या का? म्हणालो, एक झाली.

१ फेब्रुवारी
दुपारी गायत्रीने हाक मारली. तिचं खातं उघडं होतं. मला शेजारी बसवलं. नवीन साडीचा काठ, दोन लाल शेजारी शेजारी. म्हणाली, आबा, सांगा ना, डावा की उजवा?

मी चष्मा पुसला. नीट घातला. बराच वेळ पाहिलं. ठामपणे सांगितलं, डावा.

तिने उजवा घेतला.

उजवाच बरा दिसतो. तिला सांगितलेलं नाही.