भुंग्याचे दात आणि माझी बाजू

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला प्लास्टर लागलेलं आहे, पण ते कामातलं आहे, हात मोडलेला नाही. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तू इथेच वाचायचं थांबवून फोन करशील.) नवं घर एव्हाना लागलं असेल, कपाट उतरवताना धरलेली भाऊजींची कंबर सुटली असेल आणि परवाच्या फोननंतर तुझा घसा बसला नसेल, अशी आशा करतो. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी भावजय तुझ्याच बाजूची आहे, त्यामुळे तिची तब्येत जास्तच चांगली आहे.

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही, लहानपणापासून सवय आहे. पण पत्रात मधेच कुणाला तोडता येत नाही, म्हणून माझी बाजू सविस्तर मांडतो. शेवटपर्यंत वाचलंस तर तूच म्हणशील की भेट उत्तम होती, फक्त जरा चुकली.

मुळात कल्पना तुझी. भाऊजींची बदली पक्की झाली तेव्हा तूच म्हणालीस की एवढ्या लांब आता दरवर्षी वाढदिवसाला धावत येऊ नकोस, वर्षाला एक छोटीशी टिकाऊ वस्तू पोस्टाने पाठव, मोठेपणी मामाची आठवण म्हणून सगळ्या ओळीने भुंग्याकडे राहतील. (भुंगा हे नाव मीच ठेवलं, हे तू हल्ली विसरतेस. जागेपणी ज्याचं गुणगुणणं एक क्षण थांबत नाही त्याला दुसरं काय म्हणणार? तुम्ही ठेवलेलं नाव फक्त शाळेत चालतं.) ठीक आहे, म्हटलं, टिकाऊ तर टिकाऊ. चांदीचा पेला मनात आला, पण तुझा मुलगा भांडी खिडकीतून खाली टाकून कुठल्याचा आवाज चांगला येतो ते बघतो. घड्याळ घ्यावं तर ते आधी उघडणार. पुस्तक द्यावं तर चित्रं कापून भिंतीला लावणार, आणि भिंत आता घरमालकाची. तुझी भावजय म्हणाली, दरवर्षी एक छानसं पेन पाठवा. मी म्हटलं, पेन निवृत्त होणाऱ्या माणसाला देतात, हा आत्ता कुठे पहिलीत गेलाय.

आणि मग मला सुचलं. माणसाने आपल्याला येतं तेच द्यावं. दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मी निम्म्या गावाच्या कवळ्या करतो. रस्त्यात भेटलेला माणूस हसला नाही तर मला त्याचं नाव आठवत नाही. मग भाच्याला दुसरं काय द्यायचं? दरवर्षी त्याच्या दातांचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून नमुना करायचा आणि खाली वर्ष कोरायचं. आधी दुधाचे दात, मग खिंडारं, मग फावड्याएवढे नवे, शेवटी अक्कलदाढ (ती आपल्या घराण्यात उशिरा येते, भाऊजींकडचं मला ठाऊक नाही). फळीवर अख्खा माणूस वाढताना दिसेल. असली भेट जगात दुसऱ्या कुठल्या मामाने दिली असेल तर दाखव.

तुम्ही निरोप घ्यायला आलात त्या दुपारी तू आणि तुझी भावजय खरेदीला गेलात आणि मी भुंग्याला घेऊन खोलीवर गेलो. (तू विचारलंस तेव्हा आम्ही बागेत गेलो होतो असं सांगितलं. बाग वाटेतच लागते.) ठसा घ्यायचा म्हणजे छोट्या साच्यात गुलाबी लगदा भरून तो तोंडात बसवायचा आणि घट्ट होईपर्यंत गप्प राहायचं. तो गुणगुणला. त्यामुळे पहिल्या ठशात दातांऐवजी नुसत्या लाटा उमटल्या. दुसऱ्या वेळी माझं गंभीर तोंड बघून त्याला हसू फुटलं आणि लगदा माझ्या चष्म्यावर आला. मग मी त्याला नीट सांगितलं की बाळा, तुम्ही आता लांब जाणार, मला तुझे दात ठेवायचेत. तिसऱ्या वेळी त्याने माझा अंगठा घट्ट धरला आणि नाकाने श्वास घेत, माझ्याकडे बघत, पूर्ण वेळ गप्प बसला. आजवर तो इतका वेळ कुणासाठी गप्प बसला असेल असं मला वाटत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लगद्याच्या वासाने आलं असं मी त्याला सांगितलं, त्यालाही ते पटलं.

संध्याकाळी तुमची गाडी गेली. घरात करमेना, म्हणून परत खोलीवर येऊन नमुना करायला घेतला. इथे जे झालं त्याला मी चूक म्हणत नाही, हातांची सवय म्हणतो. माझ्याकडे लोकांचं वेडंवाकडं येतं आणि सरळ होऊन जातं, हाच माझा धंदा. प्लास्टर सुकलं, ठसा सोडवला (तो सोडवताना फाटतो, एकदाच कामाला येतो) आणि माझं डोकं तुमच्या गाडीबरोबर असताना हातांनी आपलं काम सुरू केलं. वरच्या दोन दातांमधली फट भरली. खालचा एक शेजाऱ्याच्या अंगावर रेलला होता, त्याला सरळ उभा केला. कडा घासल्या, पॉलिश केलं. डॉक्टर डोकावून म्हणाले, वा, काय हात आहे. मीही खूश झालो, कापसात गुंडाळून पार्सल केलं. आपण कुणाचे दात सुधारतोय हे एकदाही डोक्यात आलं नाही.

पुढचं तू मला सांगितलंच आहेस, तेही दोनदा. वाढदिवसाला भाऊजींचे नवे साहेब सहकुटुंब आलेले, सगळ्यांसमोर पार्सल उघडलं, आणि साहेबांच्या आईंनी आधी हळूच स्वतःच्या तोंडाला हात लावून आपली जागेवर आहे ना ते पाहिलं. मग सहानुभूतीने विचारलं की आजोबांची आठवण का? भाऊजी हो म्हणाले. (भाऊजींनी हो का म्हणावं? त्यांचे वडील चांगले ठणठणीत आहेत.) यात माझा दोष काय? उलट काम इतकं सफाईदार होतं की जाणत्या बाईंचीही फसगत झाली.

पण मग फोन भुंग्याने घेतला. तो रडला नाही, रुसला नाही. शांतपणे म्हणाला, "मामा, हे दात कुणाचे आहेत? माझ्यात फट आहे, मी त्यातून शिट्टी वाजवतो. ज्याचे असतील त्याला देऊन टाक, बिचारा जेवणार कसा?"

त्यावर मी फोन आपटला असं तुझं म्हणणं आहे. आपटला नाही, हातातून सुटला. त्यात तू आधीच सांगितलं होतंस की त्याचा खालचा पुढचा दात वाढदिवसाच्या सकाळीच पडला. म्हणजे निरोपाच्या दिवशीचं ते तोंड, जे मी हातात धरलं होतं, ते आता कुठेच नाही, आणि ते मीच घासून टाकलं. ताई, याचं मला खरंच वाईट वाटतं. पण म्हणून योजना वाईट ठरत नाही. पुढच्या वेळी भुंग्याचा नमुना होईपर्यंत माझी कानस तुझ्या भावजयीकडे कुलपात राहील. आता दात पुरे, पेन पाठव, हा तुझा हुकूम शिरसावंद्य आहे, पण मान्य नाही.

भाऊजींना नमस्कार, भुंग्याला पोटभर आशीर्वाद, तुला काय द्यायचं ते तू घेतलं आहेसच.

तुझा,
धाकटा

ता. क. पेन वेगळ्या पाकिटातून पाठवलं आहे. ते भाऊजींना दे.

ता. क. साहेबांच्या आईंची कवळी चाचपावी लागत असेल तर ती सैल आहे. मापासाठी त्यांना एकदा इकडे धाड.

ता. क. तुझी भावजय हे पत्र वाचून म्हणाली, अहो, तिकडेही दंतवैद्य असतीलच, त्यांच्याकडून नमुना मागवा की. असतील. पण ताई, पेला, घड्याळ, पेन, सगळं पोस्टाने जातं, म्हणून तर मला त्यातलं एकही नको होतं. दातांसाठी भुंग्याला इथे यावं लागतं. पुढच्या वर्षीचा ठसा येत्या सुट्टीतच घेऊन ठेवावा म्हणतो, म्हणजे ऐनवेळी घाई नको. (तोवर दात बदलतील आणि परत यावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.) त्याला न्यायला मी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी येतोय, तिकीट काढून झालं आहे. आणि पाठवायचंच नसेल तर तसं स्पष्ट सांग, मग मीच तिकडे चार दिवस राहीन. मला त्याच्याशिवाय करमत नाही गं.