पुरलेल्या वासरांचं अनुदान

आर्डिथताईंना एल्विनचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांचं शेजारच्या वेंडेलच्या बायकोकडून कळलं. जिने टाळा. इकडे मी आणि कुत्रा ठीक आहोत, म्हणजे कुत्रा ठीक आहे. तुमची बहीण रुसून तुमच्याकडे आली त्याला महिना होत आला, इडेला कशी आहे हे मी विचारत नाही. सरकारी मदतीचा अर्ज केल्याशिवाय तोंड दाखवू नका, असं ती जाताना बजावून गेली आणि मीही म्हटलं, नाही दाखवत, जा! (तिची रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घ्यायची असते. हे आपलं नुसतं कळवलं.)

ताई, आमच्या काउंटीची रीत तुम्ही जाणताच. सकाळी कॉफीच्या टेबलावर सगळे सरकारच्या नावाने बोटं मोडतात आणि दुपारी त्याच हातांनी अनुदान घेतात. मी मात्र नुसतीच बोटं मोडायचो. चर्चच्या जेवणात तर उभा राहून म्हणालो होतो, की खरा गुरंवाला आपली मेलेली जनावरं सरकारला विकत नाही. टाळ्या काय पडल्या! (टाळ्या वाजवणारे सगळे अनुदानवाले होते, हे मला फार उशिरा कळलं.)

मग एप्रिलमध्ये ते मेलं हिमवादळ आलं. इडेलाने गारठलेली वासरं स्वयंपाकघरात, न्हाणीच्या टबात, मिळेल तिथे आणून शेकली, स्वतःच्या दुलया त्यांच्यावर घातल्या. तरी बरीचशी गेली. आता आमच्या वडिलांची शिकवण अशी, की मेलेलं जनावर रस्त्यावरून दिसता कामा नये, लोक म्हणतात निगा राखली नाही. मी ट्रॅक्टर काढला आणि सगळी पुरून मोकळा झालो. इडेला म्हणत होती, अहो, आधी कुणाला तरी दाखवा, निदान फोटो काढा, सरकारी भरपाईला पुरावा लागेल. मी म्हटलं, मला भीक नको. त्यावर ती म्हणाली, तुमचा ताठा गायींपेक्षा जास्त गवत खातो, आणि बॅग भरायला लागली. खोटं नाही बोलली हो. गेल्या साली पाऊस नव्हता, गवताचा साठा संपलाय, मदत नाही मिळाली तर उरलेल्या गायीही लिलावात जातील.

शेवटी गेल्या आठवड्यात शेपूट घालून कृषी कचेरीत गेलो. कुणी बघू नये म्हणून गाडी बियाण्यांच्या दुकानामागे लावायला गेलो, तर तिथे अख्ख्या कॉफीच्या टेबलाच्या गाड्या उभ्या! वेंडेल म्हणाला, "ये रे बाबा. आम्ही सगळे इथेच लावतो. तुझीच काय ती वाट बघत होतो." कचेरीतल्या बाईंनी विचारलं, मेलेली वासरं कुठायत? म्हटलं, पुरली. तर म्हणतात, मग मेली कशावरून?

घरी येऊन उकरायला लागलो. वेंडेल साक्षीदार म्हणून नाकाला रुमाल लावून उभा, तोंड मात्र चालू. पहिलंच वासरू वर आलं ते इडेलाचं लाल स्वेटर घातलेलं. बाह्यांत पाय नीट घातलेले, बटणं लावलेली. पुरताना मी वळून बघितलंही नव्हतं, ताई. मला रडू आवरेना, तिथेच मातीत बसलो. वेंडेलने टोपी काढली. "पुरे," म्हणाला, "मी बघितलंय. बुजव आता." एक फोटो काढला आणि साक्षीदाराची सही करून गेला. तेव्हापासून कॉफीच्या टेबलावर मला कुणी चिडवत नाही, हे तर चिडवण्यापेक्षा वाईट.

घरच्यांना नमस्कार. प्रकृतीला जपा.

आपला,
एल्विन

ता. क. अर्ज केलाय. पण गुरांवर मालकीची खूण म्हणून देतो तो आमचा डाग दोघांच्या नावावर नोंदलेला, त्यामुळे इडेलाची सही लागते आणि मुदत महिनाअखेरची. तिला म्हणावं, स्वतः यावं लागेल. सरकारी काम आहे, माझा काय इलाज?

पुन्हा ता. क. सही पोस्टानेही चालते, असं त्या कचेरीतल्या बाईंनी मला दोनदा सांगितलं. तेवढं इडेलाला सांगू नका.